रिकाम्या घागरीचा काटा

काटेमामांना माणूस भेटला की आधी वजन, राम राम नंतर. आपण त्यांच्या ओट्यापाशी चप्पल काढावी आणि आतून आवाज यावा, "अठ्ठावन्न!" हा आपला आकडा. मग पुढं, "या, बसा. घरी बरं हाय ना समदं?" नवी सून पाया पडायला वाकली की बाकीची थोरली माणसं सुखी राहा म्हणत. मामा म्हणत, "एक्केचाळीस. अगं माय, जेवती का न्हाई तू?" शेवटी मामींनी त्यांना लग्नाला न्यायचंच बंद केलं. वरमाईचा आकडा भर मांडवात सांगितल्यावर दुसरं काय करणार बिचारी!

आणि आकडा चुकायचा नाही, हीच तर गोम. एकदा युसूफ वडगावच्या बाजारात पैज लागली. आडत्याच्या धान्याच्या काट्यावर एकेक गडी चढवला. चार बरोबर निघाले. पाचवा आमच्या गावचा रशीदभाई, रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवायचा. तो किलोभर जास्त भरला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मामा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "खिसा खाली कर." रशीदभाईच्या खिशातून हा एवढा मोठा पाना निघाला. "सकाळपासून ढुंडतोय मैं इसकू," म्हणाला. त्याला पाना सापडला आणि मामांना जन्मभराचा साक्षीदार.

त्यांचं खरं नाव मतदार यादीत होतं, तेवढंच. बावीस वर्षं ते सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसले आणि काटेमामा झाले. उसाची गाडी फळ्यांवर येऊन उभी राहिली की मामांचा हात वर जायचा. हात वर म्हणजे थांब, हात खाली म्हणजे जा. तिसरा इशारा त्यांच्याकडं नव्हता. मी तेव्हा नुकताच उसाच्या ट्रकवर डायवर झालतो. मिशी फुटलेली, अक्कल फुटायची बाकी. पहिल्याच खेपेला मी गाडी काट्यावर घातली आणि केबिनमध्ये तसाच बसलो, गाणी ऐकत.

"उतर खाली," मामा म्हणाले.

"कावून?"

"कावून म्हंजी? तुझे एकोणसाठ किलो उसात मोजायचे व्हय? तू काय ऊस हाईस का बे? पिळला तर साखर उतरंल का तुझ्यातून?"

मागं चाळीस बैलगाड्यांची रांग. सगळी खो खो हसली. उतरलो. ऊस खाली करून परत निघालो तर पुन्हा हात वर. आता रिकामी गाडी काट्यावर घे म्हणे. मला घरी जायची घाई. म्हटलं, "मामा, रिकामीच तर हाय. जाऊ द्या की."

"रिकामीला वजन नसतंय हे कुठल्या शाळंत शिकलास? भरल्या गाडीला जो काटा, तोच रिकामीला. घे वर."

चेअरमनसाहेबांची जीपही त्यांनी सोडली नाही. एकदा यार्डात गाड्यांची कोंडी झाली म्हणून जीप काट्यावरून आडवी निघाली. मामांचा हात वर. जीपच्या डायवरनं हॉर्न वाजवला, डोळे वटारले. हात वरच. साहेब काही उतरले नाहीत, मग मामांनी त्यांच्यासकट वजन घेतलं, पावती फाडली आणि खिडकीतून आत दिली. पावतीवर मालाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चेअरमनसाहेब, एक नग'. साहेबांना हसू आलं म्हणून नोकरी वाचली. दुसरा असता तर मामा दुसऱ्या दिवशी घरी शेंगा फोडत बसले असते.

मग घरी बसायची वेळ आलीच, पण ती साहेबांमुळं नाही, पावसामुळं. दोन वर्षं पाणी पडलं नाही. ऊस उभ्या उभ्या वाळला, जो हिरवा राहिला तो चारा छावणीतल्या जनावरांनी खाल्ला. कारखाना त्या साली पेटलाच नाही. काट्याच्या फळ्यांवर कुत्री येऊन झोपायला लागली. मामांनी म्हणे त्यांचीही वजनं एका वहीत लिहून ठेवली होती. मग कारखान्यानं त्यांना सांगितलं, पाऊसपाणी झालं की बोलावू.

मला तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाच्या टँकरवर काम मिळालं. उसाच्या जागी पाणी, बाकी धावपळ तीच. आणि मामा रशीदभाईच्या दुकानापुढं जुन्या टायरवर येऊन बसायला लागले. आमचं गाव रस्त्याच्या ह्या अंगाला. विहीर त्या अंगाला, आणि तिच्या पलीकडं स्मशान. विहिरीला पाणी नव्हतंच. आम्ही टँकर तिच्यात रिकामा करायचो आणि बाया पोहऱ्यानं शेंदून न्यायच्या. म्हणजे घागरभर पाण्यासाठी रस्ता दोनदा ओलांडायचा, जाताना रिकाम्या घागरी, येताना भरलेल्या. आणि रस्ता कसला, वैऱ्याचा! छावणीचे चाऱ्याचे ट्रक, काळ्या-पिवळ्या जीपा, पाहणीला आलेल्या पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या, आणि आम्ही टँकरवाले. सगळे दुष्काळ हटवायला निघालेले, त्यामुळं ब्रेकवर पाय ठेवायला कुणाला सवड नाही.

बावीस वर्षं गाड्या थांबवलेला माणूस. आता नुसत्या जाणाऱ्या गाड्या बघायच्या. त्यांना अन्न गोड लागत नव्हतं, असं मामी सांगायच्या.

एक दिवस गावातून एक मयत निघालं. तिरडी रस्त्याला लागली आणि दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. डायवर लोकांनी हात जोडले, एकानं टोपी काढली. तिरडी पार झाली, गाड्या सुटल्या. मामा टायरवरून ताडकन उठले.

"बघितलं का रशीद? तिरडीला समदे थांबले. तिला कुठं घाई हाय? सांजच्यापातूर थांबली तरी काय बिघडतंय तिचं? आन् ती गयाबाई मघापासून घागर घिऊन उभी हाय, तिच्यासाठी एक तरी थांबला का?"

"मामा, मय्यत है. अदब करना पडता," रशीदभाई म्हणाला.

"जित्याची अदब कर की बे आधी! मेल्यावर काय, कुनीबी थांबतंय."

मी तिथंच चहा पीत होतो. हसलो. म्हटलं, मामांना काटा आठवतोय, दुसरं काय. पण त्यानंतर आठवडाही झाला नसेल, माझं हसू माझ्याच घशात गेलं.

मी भरला टँकर घेऊन जोरात येत होतो. पुढच्या गावाला अजून एक खेप टाकायची होती. गयाबाई विहिरीकडून येत होती, डोक्यावर दोन घागरी, कडेवर एक. मी हॉर्न दिला. हॉर्न दिला की माणसानं बाजूला व्हायचं, एवढंच मला ठाऊक. ती मधोमध गोंधळली, मागं सरली, मी करकचून ब्रेक मारला. टँकर तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला, पण ती पडली. तिन्ही घागरी डांबरावर उपड्या.

मी केबिनमधून उडी मारली आणि पहिलं काय विचारलं, हे सांगायला आजही लाज वाटते. "काकू, पाणी किती सांडलं?"

आणि मी एकटाच नाही. समोरून चार बाया धावत आल्या त्या थेट पाण्याकडं, कुणी पदर भिजवून पिळतंय, कुणी खळग्यातलं तांब्यानं भरतंय. गयाबाई स्वतः रडत होती ती घागरीसाठी. तिचा गुडघा फुटून पायावर रक्ताचा ओघळ आला होता आणि तिलाही त्याचा पत्ता नव्हता. एकटे मामा तिच्यापुढं उकिडवे बसले. "गुडघा दाव, बाई," म्हणाले. धोतराचा सोगा फाडून बांधला. मग तिला हाताला धरून उठवली आणि तिच्याकडं बघत हळूच म्हणाले, "त्रेचाळीस. मागल्या पोळ्याला एक्कावन्न होतीस."

मग तिला धरून तिच्या घराकडं निघाले, माझ्याकडं मान वळवली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मामा एसटीनं बीडला गेले, डोळे दाखवायला. परत आल्यावर डोळ्यांचं काहीच बोलेनात. बीडच्या एका चौकात त्यांनी रस्त्यावर ओढलेले पांढरे पट्टे पाहिले होते. तिथल्या शिपायाला विचारलं, हे कशापायी? तो म्हणाला, ह्या पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याचा हक्क, तो पट्ट्यावर आला की गाडीनं थांबायचं. मामांना तर देव भेटल्यागत झालं. "अरे, म्हंजी मानसाचा काटाच की हा!"

"पण तिथं थांबतं का कुणी?" मी विचारलं.

"एकबी न्हाई. पन काटा तर बसवलाय!"

कारखान्यात उसाचा रस निवळायला चुना लागतो. कारखाना बंद, चुन्याची पोती गोदामात पडून दगड झालेली. मामांनी रीतसर अर्ज केला, गावच्या रस्त्याला लावण्यासाठी दोन पोती वाया गेलेला चुना मिळावा. चेअरमनसाहेबांनी सही करता करता म्हटलं म्हणे, "मामा, ह्या कारखान्याला आजवर पुष्कळांनी चुना लावला. अर्ज करून मागणारे तुमी पहिलेच."

मामांनी चुना फोडला, भिजवला, केरसुणीनं रस्त्यावर आठ पट्टे ओढले. सरळ, मापात, काट्याच्या फळ्यांएवढे रुंद. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून गाड्या हळू झाल्या! आम्हाला वाटलं, जमलं. खरी गोष्ट वेगळीच. आमच्या भागात रस्त्यावर पांढरं पडलं की मंत्री येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. लोकांना वाटलं मंत्री येणार. ठाण्यातून एक हवालदार मोटरसायकलवर धापा टाकत आला.

"कोन येणार हाय? आमाला कसं न्हाई कळवलं?"

"येणार हाय एक," मामा म्हणाले. "पायी येणार हाय."

हवालदार दुपारपर्यंत सावलीत थांबला. पायी आली ती गयाबाई, लंगडत, घागर घेऊन. हवालदारानं कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्या दिवशी सगळ्या रस्त्याला कळलं की मंत्रीबिंत्री कुणी येत नाही, आणि गाड्या पुन्हा सुसाट.

मामा दोन दिवस टायरवर बसून होते. मग एका सकाळी मी टँकर घेऊन येतोय, तर पट्ट्यांच्या मधोमध एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची घागर. तोंडावर कडुलिंबाच्या पाल्याचा टाळा, पाणी हिंदकळू नये म्हणून बाया घालतात तसा. शेजारी मामा, हात वर. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. समोरून चाऱ्याचा ट्रक आला, तोही थांबला. दुष्काळात भरली घागर उडवणारा माणूस आमच्या तालुक्यात तोंड दाखवू शकला नसता. बाया रांगेनं रस्ता पार झाल्या. मग मामा वाकले, कण्हत घागर उचलून कडेवर घेतली, एका अंगाला झुकत दुकानापाशी नेऊन ठेवली आणि हात खाली केला.

त्या दिवसापासून हा खेळ रोज सुरू झाला. पाण्याची वेळ झाली की मामा घागरीसह हजर. एरवी बाईमाणसाला न थांबणारे बहाद्दर घागरीला गुमान थांबायचे. कुणी कुरकुरला तर मामा त्याचं वजन सांगायचे. भर रस्त्यात आपलं वजन ऐकायला कुणाला आवडतं?

मला एकच कोडं पडायचं. मामींना घागरभर पाणी रोज नुसतं रस्त्यावर मांडायला परवडायचं कसं? एकदा विचारलंही. मामी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "तुला कावून पायजे रं चौकशी?"

उत्तर एका शेळीनं दिलं.

वैशाखातली दुपार, उन्हानं डांबर वितळलेलं. मामांनी घागर ठेवली, हात वर केला. माझा टँकर ह्या बाजूला पहिला, पलीकडं चाऱ्याचा ट्रक. गयाबाई आणि तिच्यामागं सहासात बाया पट्ट्यावर आल्या. इतक्यात कुणाची तरी तहानलेली पाठ, म्हणजे तरणी शेळी, बायांच्या मधून घुसली. लिंबाचा टाळा खाल्ला आणि पाण्यासाठी तोंड घातलं घागरीत. ते अडकलं. शेळी बिथरली, मान वर केली आणि घागर डोक्यावर घेऊन निघाली की पळत! भरली घागर असती तर हलली तरी असती का? थेंब सांडला नाही. घागर आपली टणाटणा वाजतेय, शेळी आंधळी धावतेय, मागून मामा धोतर सावरत, "अगं थांब! थांब गं!"

सगळा रस्ता बघत राहिला. म्हणजे इतके दिवस आम्ही थांबत होतो ते रिकाम्या घागरीला! आणि रोज ते कण्हणं, ते एका अंगाला झुकणं! ज्या माणसाला सगळ्या जगाचं वजन ठाऊक, त्यानं नसलेलं वजन बेमालूम उचलून दाखवलं होतं.

"आयला, रिकामीच की बे!" चाऱ्याच्या ट्रकवाला ओरडला. मोठ्यानं हसला आणि त्यानं गाडी सुरू केली. बाया रस्त्याच्या मधोमध. गयाबाईचा गुडघा अजून धड वाकत नव्हता, तिला पळता येईना. ट्रक गुरगुरत पुढं सरकला.

मामा शेळीला सोडून परत आले. घागरीच्या जागी, नेमके तिथंच, उभे राहिले. हातात काही नाही. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण हात वर. ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून धरला. मामांनी माझ्याकडं बघितलं.

"काय रं, आता तू बी निघणार का? रिकामी गाडी काट्यावर घेत होतास ना?"

मी इंजिन बंद केलं. खाली उतरलो, काट्यावर उतरायचो तसा, आणि मामांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. रशीदभाई हातात तोच पाना घेऊन आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. तेव्हा मामांनी ट्रकवाल्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "एक्क्याण्णव! बसून बसून वाढलंय. उतर खाली, चार पावलं चाल!"

बायांमध्ये पहिली गयाबाई हसली. मग सगळ्याच. हसत हसतच त्या पार झाल्या. ट्रकवाला लालबुंद झाला, पण त्यानं हॉर्न सोडला आणि गाडी थांबवली.

घागरीचं बिंग फुटलं ते फुटलंच. पण त्या जागेला रिकाम्या घागरीचा काटा हे नाव पडलं आणि पार केजपर्यंतच्या डायवरांच्या तोंडी बसलं. "मामा, आज तरी भरली का?" असं ओरडत ते थांबायचे. सगळे थांबायचे असं मी म्हणणार नाही. पण चेष्टेनं थांबला काय आणि समजून थांबला काय, गयाबाईला दोन्ही सारखंच.

पुढच्या साली पाऊस झाला, विहिरी भरल्या, कारखाना पेटला. मामा काट्यावर परत गेले आणि तिथून निवृत्त होऊन परत टायरवर आले. मी तिथून गाडी घेऊन गेलो की ते मुद्दाम रस्त्यात यायचे, रिकाम्या हातांनी. मी गाडी थांबवून खाली उतरायचो. ते सावकाश पार व्हायचे आणि माझ्या पोटाकडं बघून आकडा सांगायचे. दर वर्षी तो वाढतच गेला, मेला.

तुम्हाला वाटलं असेल, मामा शेवटी गाडीखालीच गेले. नाही. आपल्या अंथरुणात गेले, मामींच्या हातचं पाणी पिऊन. मी खांद्याला होतो. काही वजनच नव्हतं हो त्यांना.

रस्ता तोवर दुप्पट रुंद झाला होता, डांबराखाली चुन्याचे पट्टे कधीच गाडले गेले होते. आम्ही गल्लीतून येत होतो तेव्हाच मला पलीकडं एक बाई दिसली. ओळखीची नव्हती. डोक्यावर गवताचा भारा, कधीची उभी होती, एक पाय रस्त्यावर टाकायची आणि मागं घ्यायची. आम्ही रस्त्याच्या कडेला आलो आणि दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. डायवर लोकांनी हात जोडले.

आमच्यात तिरडी वाटेत एकदा खाली टेकवतात, त्याला विसावा म्हणतात. गावाचा विसावा पुढं, विहिरीपाशी. मी म्हटलं, "हितंच टेकवा." लोक बुचकळ्यात पडले, पण रशीदभाईनं आधी खांदा वाकवला. टेकवली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर केला आणि त्या बाईला हाक मारली, "ये माय. आधी तू ये."

ती घाबरली. "आवो, मयताच्या आडवं कसं जावं?"

"ये तू. ह्यांना घाई न्हाई."

तरी तिचं पाऊल उचलेना. तेव्हा मागून, रस्त्यापर्यंत पोचवायला आलेल्या मामींचा आवाज आला. सकाळपासून रडून रडून बसलेला आवाज. "ये गं बाई लवकर. न्हाईतर उठून बसतील ते."

बाई आली. भारा सावरत, दोन्हीकडं बघत, एवढ्या थांबलेल्या गाड्यांमधून एकटीच. कडेला आल्यावर तिनं तिरडीला हात जोडले आणि गल्लीत निघून गेली. मग मी हात खाली केला, आणि आम्ही मामांना उचललं.